पांढऱ्या माळावरची पाहणी

१० फेब्रुवारी

बारक्या,

गेल्या आठवड्यात ताई येऊन गेली, तिच्याकडून तुझा पत्ता घेतला. बंदरावर वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसतोस, खिडकीतून समुद्र दिसतो, एवढंच तिने सांगितलं. वर म्हणाली, "लिही, पण लांबण लावू नकोस. तो दोन ओळींपुढे वाचणार नाही." फोन मी दोनदा केला. वाजून वाजून थांबला. खरं सांगायचं तर थांबला तेव्हा मला हायसंच वाटलं. नऊ वर्षांनी पहिला शब्द काय बोलायचा ते ठरलं नव्हतं.

तर त्या दोन ओळी आधी लिहितो. पांढऱ्या माळावर, अगदी उघड्यावर, पखुर्डीचं घरटं आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढचं वाचायचं असेल तर वाच.

पक्षी केंद्रात आपल्या वेळचं आता कुणी उरलेलं नाही. केंद्राच्या प्रमुख बाई तेवढ्या आहेत, त्याही मे अखेरीस निवृत्त होतील. जाण्याआधी माळाचं काही भलं करून जावं असं त्यांच्या मनात आहे. आपण दोघांनी त्यांच्या हाताखाली घरटी शोधून, मोजून ज्या नोंदी केल्या त्यांचा पुढे अहवाल झाला. त्यात लिहिलंय की जमिनीवर अंडी घालणारे इथले पक्षी विणीच्या दिवसांत झुडपांचा आडोसा धरतात आणि उघडी जमीन टाळतात. म्हणून पांढऱ्या माळावर झुडपं लावायची ठरली आहेत. चार हजार खड्डे. खणायचं यंत्र पंचवीस मार्चला येणार आहे. प्रत्येक खड्ड्याच्या जागी चुन्याची फुली मारायचं काम माझ्याकडे आलंय.

परवा चुन्याची पिशवी घेऊन निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. झुडपांची शेवटची रांग मागे टाकून अडीचशेक पावलं आत गेलो आणि दम लागला, म्हणून पिशवीवरच बसलो. बसलो की माझे हात जुळतात हे तुला ठाऊक आहे. दादा देवाकडे हजेरी लावतोय म्हणून तू चिडवायचास. डोळे मात्र मिटले नव्हते. समोर नुसते खडे, करडे, पिवळसर, काही पांढरे, आणि त्यांच्यावरून सरकत येणारं कोवळं ऊन. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. ऊन माझ्या पायांपर्यंत आलं, आणि दहा हातांवरचा एक दगड उठून उभा राहिला.

मला वाटलं डोळे फिरले. दगडाने मान वळवली. मग उजव्या बाजूने दुसरा दगड चालत आला, सावकाश, दोन पावलं टाकायची आणि थांबायचं असं करत. दोघं क्षणभर शेजारी उभी राहिली. त्यांच्या पायांमध्ये तीन अंडी होती, मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची. रात्रभर बसलेला नर उठला आणि पाण्याच्या दिशेने उडाला. मादी अंड्यांवर बसली, आणि बसताक्षणी दिसेनाशी झाली. मी नजर हलवली नव्हती, तरी ती हरवली. पुन्हा नुसते खडे.

तिथे मी फुली मारली नाही. त्या दिवशी कुठेच मारली नाही.

तू त्या वर्षी वहीत लिहिलं होतंस ते असंच काही असणार. मी तपासायला गेलो तेव्हा मात्र तिथे काही नव्हतं. पक्षीच ते, दरवर्षी जागा बदलत असतील. तुला कळवावंसं वाटलं, इतकंच.

दादा


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. ते येईल असं धरूनही चाललो नव्हतो.

आता पाच घरटी झाली आहेत. रोज पहाटे जातो, पिशवीवर बसतो. तुझीच रीत. आपल्या कामाचा नियम असा की सरळ रेघेत चालत जायचं आणि पायाखालून जो पक्षी उठेल त्याचं घरटं लिहायचं. तू चालायचं सोडून बसून राहायचास म्हणून बाई वैतागायच्या. "याला पगार चालायचा देतो की बसायचा?" असं मलाच विचारायच्या, मी थोरला म्हणून. पण पखुर्डी चालणाऱ्याच्या पायाखालून उठतच नाही रे. पाऊल दोन हातांवर पडलं तरी ती दगड होऊन राहते. दिवसातून दोनदाच, सकाळ-संध्याकाळ पाळी बदलताना, ती पक्षी असते. तेवढ्या वेळात तिथे कुणी आधीपासून गप्प बसलेला असेल तरच त्याला ती दिसते.

मी मोजमापंही घेतो आहे. ते लोखंडी कडं अजून आहे, आतले खडे मोजायचं. आणि चिठ्ठ्यांचा डबाही आहे. तू नवा होतास तेव्हा बाईंनी शिकवलं होतं ते आठवतं का? पक्ष्याने निवडलेली जागा मोजायची, मग डब्यातून चिठ्ठी काढून ती सांगेल तितकी पावलं जाऊन ती जागाही मोजायची. दोन्हींत जो फरक निघेल ती पक्ष्याची मर्जी. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. देवाने आपल्याला कुठेतरी टाकलेलं असतं, ती चिठ्ठीची जागा, आणि आपण आपलं मन घेऊन चार पावलं इकडेतिकडे सरकतो, तेवढंच आपलं.

तर मर्जी अशी निघते. चिठ्ठीच्या जागेपासून जवळचं झुडूप तीस-चाळीस पावलांवर असतं. घरट्यापासून दोनशे, अडीचशे. झुडूप म्हणजे आडोसा हे आपलं माणसांचं गणित. तिच्या लेखी झुडपात साप असतो, झुडपावर कावळा बसतो. तिला हवी चारी बाजूंनी उघडी जमीन आणि स्वतःच्या अंगाच्या रंगाचे खडे. काही न मागता उघड्यावर बसून राहायचं आणि कुणाला दिसायचं नाही, असा आडोसा मी पन्नाशीला आलो तरी मला सुचला नव्हता.

तुझी वहिनी रोज डबा भरून देते आणि रोज एकच विचारते, "आज तरी माळावर पोचलात का?" मी म्हणतो, पोचलो. ती म्हणते, "बरं." त्या 'बरं'मध्ये काहीतरी असतं. मी विचारत नाही.

मुकादमाने काल फुल्या मोजल्या. म्हणाला, "काका, चार हजारातल्या अकरा झाल्या. या वेगाने झाडं तुमच्या नातवंडांच्या सावलीला येतील." हसला. तसा माणूस वाईट नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट थोडी कमी लिहिली गेली. त्या वर्षी तुझ्या वहीत पांढऱ्या माळावरची एकेचाळीस घरटी होती आणि बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी वही माझ्याकडे दिली, तुम्ही तपासा म्हणाल्या. मी शेरा लिहिला, "पाहणी केली. घरटी आढळली नाहीत." खाली सही केली. त्यावर तुला काढलं. ती पाहणी मी भर दुपारी केली होती, आणि झुडपांच्या शेवटच्या रांगेत उभं राहून. आत गेलो नव्हतो. कडेवरून सगळा माळ दिसतो असं तेव्हा वाटलं होतं. ऊनही फार होतं.

दादा


२७ फेब्रुवारी

बारक्या,

हे तिसरं पत्र. पहिली दोन तू वाचली असतील तर त्यांत खोटं कुठे आहे ते तुला समजलंच असेल, म्हणून आता लाज धरून उपयोग नाही.

मी कडेवरही गेलो नव्हतो.

त्या दिवशी वही घेऊन केंद्राबाहेर पडलो, पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि टाकीच्या सावलीत बसलो. आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते. तू दोन दिवस उशिरा आला होतास. निरोप जीपने गेला होता आणि पांढऱ्या माळावर जीप जात नाही, तुला शोधायला माणूस पायी गेला, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता. शेवटच्या दिवशी आई तीनदा दाराकडे बघून "बारक्या आला का?" म्हणाली. मी उशाशी बसलेला होतो, पंधरा दिवस बसलेला होतो, आणि ती दाराकडे बघत होती. ते मी टाकीच्या सावलीत बसून पुन्हा पुन्हा बघत राहिलो. अंडी मोजत होता हा, असं मनात म्हणत राहिलो. सावली सरकली की मी सरकायचो. टाकी गळायची, ते थेंब ऐकत मी बहुतेक थोडा झोपलोही. स्वप्नात आईच माळावरून चालत येत होती आणि तिच्या सावलीत तीन अंडी होती. म्हणजे मला ठाऊक होतं, बघ. झोपेत का होईना, तू खरं लिहिलंस हे मला ठाऊक होतं.

ऊन उतरल्यावर उठलो. बूट स्वच्छ होते. मी खाली वाकून दोन मुठी माती घेतली आणि बुटांवर चोळली. रोज सकाळी हात जोडणारा माणूस मी. तेच हात.

संध्याकाळी तू खोलीच्या दारात उभा राहून विचारलंस, "दादा, तू गेला होतास?" मी म्हणालो, "गेलो होतो." तू माझ्या बुटांकडे बघत राहिलास आणि मग निघून गेलास. इतकी वर्षं मला वाटायचं, शरमेने मान खाली घातलीस. परवा माळावरून आलो, पायरीवर बूट काढले आणि तसाच बसून राहिलो. बूट पांढरे होते, पिठात बुडवल्यासारखे. केंद्राच्या आवारातली माती लाल. तू लाल माती बघत होतास. आणि तरी बाईंना एक शब्द बोलला नाहीस.

मी ते सगळं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "माहीत आहे मला. त्या दिवशीचे बूट मीच झटकले." मी विचारलं, मग बोलली का नाहीस. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पहिलं वर्षभर रोज वाटायचं, आज सांगतील. मग रोज विचारायची सवय तेवढी राहिली." थोड्या वेळाने म्हणाली, "आता मला सांगून काय होणार? तिकडे सांगा."

तिकडे म्हणजे बाईंकडे. तुला लिहिलं ते सोपं होतं असं नाही, पण तू लांब आहेस. बाईंची खोली व्हरांड्याच्या टोकाला आहे, चौदा पावलांवर.

दादा


९ मार्च

बारक्या,

हे पत्र टपालात टाकत नाही. ड्रायव्हर गाडीचे सुटे भाग आणायला बंदराकडे येतोय, त्याच्या हाती देतो. तो तुझ्या केबिनच्या दारात उभा राहील. घेतलं नाहीस तर परत आणायला सांगितलंय.

सोमवारी बाईंकडे गेलो. त्या नकाशे गुंडाळत होत्या. बसा म्हणाल्या, मी उभाच राहिलो आणि सगळं सांगितलं, टाकी, माती, सही. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. नकाशाची सुरळी हातात तशीच होती. मग त्या खिडकीशी गेल्या.

"तुमच्या एका सहीवर मी त्याला घालवलं," त्या म्हणाल्या. "आणि अहवाल माझ्या सहीने गेला."

मी म्हणालो, यंत्र थांबवा. आता नऊ घरटी आहेत, मी दाखवतो, मी लिहून देतो.

"तुम्ही लिहून द्याल?" त्या वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं लिहिलेलं मी कुणापुढे ठेवू? नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने 'नाहीत' लिहिलं होतं, आता 'आहेत' लिहितोय, असं सांगू?"

माझ्याकडे देण्यासारखा फक्त शब्द होता आणि तो मीच खर्चून बसलो होतो. बाई स्वतः जाऊ शकत नाहीत, कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना शंभर पावलंही जड जातात. नवी मुलं आहेत, हुशार आहेत, पण ती रेघेत चालतात. दोघांना मी परवा नेलं. अर्धा तास बसली आणि चुळबुळायला लागली. एक म्हणाला, "काका, इथे तर काहीच नाही." त्याच्यापासून आठ हातांवर ती बसलेली होती.

शेवटी बाईच म्हणाल्या, "ज्याने पहिली वही लिहिली त्याला बोलवा. तो आला, त्याने पुन्हा घरटी काढून दिली, दुसऱ्या कुणी ती तपासली, तर यंत्र थांबवण्याची जबाबदारी माझी." मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी बोलावलंय म्हणून सांगा. माझ्याकडूनही त्याला काही ऐकायचं असेल."

माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही. मला ते म्हणता येणार नाही. पण पंचवीस तारखेला यंत्र आलं तर दोन दिवसांत चार हजार खड्डे होतील, आणि पुढच्या वर्षीपासून प्रत्येक खड्ड्यात कावळ्याला बसायला एक फांदी असेल. काल सकाळी एक नर पाण्यावरून परत आला. पोटाची पिसं भिजवून आणली होती. तो नुसता उभा राहिला, अंग थोडं उचलून, आणि दोन पिल्लं खड्यांतून निघाली आणि त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी प्यायली. मृगजळ मागे हलत होतं, सगळा माळ पाण्यावर तरंगतोय असं दिसत होतं, आणि त्यात खरं पाणी तेवढंच, त्याच्या पोटाला लागलेलं. मला कुणालातरी ते सांगायचं होतं. बाजूला कुणी नव्हतं.

अठरा तारखेपर्यंत आलास तरी वेळ आहे.

दादा


४ एप्रिल

बारक्या,

तू जाऊन दोन आठवडे झाले. इथे होतास तेव्हा आपण जेमतेम दहा वाक्यं बोललो असू, म्हणून हेही लिहूनच सांगतो.

तू जीपमधून उतरलास तेव्हा मी टाकीपाशी होतो. तू म्हणालास, "काय, तब्येत?" सोबतच्या प्रवाशाला विचारावं तसं. घरी न येता सामानाच्या खोलीत खाट टाकलीस. बाईंकडे पाऊण तास होतास. तिथे काय झालं ते त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागवला.

तुझी वहिनी डबा घेऊन गेली ते मी व्हरांड्यातून ऐकत होतो. तू म्हणालास, "वहिनी, हा अजून बूट पुसतो की मळवतो?" ती हसली. हसता हसता तिचा आवाज फुटला आणि तू म्हणालास, "अहो, डबा सांडेल." नऊ वर्षांत आमच्या घरी कुणी असं वेडंवाकडं बोललं नव्हतं. मला ते लागलं, आणि बरंही वाटलं.

आठ सकाळी तू माळावर बसलास. मी झुडपांच्या रांगेत थांबायचो, तू सांगितलं होतंस म्हणून. लांबून तू एवढासा दिसायचास, मग ऊन वाढलं की हलायला लागायचास, मग खड्यांत मिसळून जायचास. एकदा मी बराच वेळ ज्याच्याकडे बघत होतो तो तू नव्हतासच. तेवीस घरटी लिहिलीस. प्रत्येकापुढे, माळावर पूर्वी रोवलेल्या लोखंडी खुंट्यांपैकी जवळच्या खुंटीपासूनची दिशा आणि पावलं. घरट्याजवळ एकही खूण नाही, कोल्ह्याला वाट नको म्हणून.

शेवटच्या दिवशी जीप चालू झाली तेव्हा तू खिडकीतून वही माझ्यापुढे धरलीस.

"तपासणाऱ्याची जागा रिकामी आहे," तू म्हणालास.

मी म्हणालो, बाई दुसऱ्या कुणाला तरी देतील.

"दुसरा कुणी नको. तू जा. तेवीस ठिकाणी जा. दिसेल ते लिही."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर नाही लिही. पण जाऊन लिही."

ड्रायव्हरने गियर टाकला आणि तू काच वर केलीस. बाईंना मी सांगितलं, तो म्हणतो मीच तपासावं. त्या म्हणाल्या, "ज्याची वही, त्याचा तो हक्क." यंत्रवाल्यांना त्यांनी पाच एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलं, त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं.

तर मी गेलो. तुझं पाऊल लांब आहे, हे आधी लक्षात आलं नाही. पहिल्या सकाळी तुझी शंभर पावलं मी माझ्या शंभर पावलांनी मोजली आणि रिकाम्या जागी दोन तास बसलो. मग दोरीने ताडून पाहिलं. तुझी शंभर ती माझी एकशे अकरा. त्यानंतर जमलं. पहिलं, दुसरं, चौथं, सातवं. एकेका सकाळी तीन, कधी चार. कुठे मादी बसलेली दिसली, कुठे नुसती टरफलं आणि पिल्लांच्या पायांचे ठसे. दर वेळी वहीत "आहे" लिहायचो आणि त्या अक्षराकडे थोडा वेळ बघत राहायचो. तुझ्या अक्षराशेजारी माझं अक्षर. गावच्या शाळेत तू पाटीवर लिहायचास आणि मी शेजारी बरोबरची खूण करायचो, तसं काहीतरी.

नववं घरटं मात्र मला मिळालं नाही.

सहाव्या खुंटीपासून उगवतीला, तुझी एकशे चाळीस, माझी एकशे पंचावन्न. पहिल्या सकाळी पाळी बदललेली दिसली नाही. दुसऱ्या सकाळी आणखी लवकर गेलो. तिसऱ्या सकाळी मी जमिनीला गाल लावून पडून पाहिलं. खळगा नाही, टरफल नाही, पीस नाही, विष्ठा नाही. नुसते खडे.

त्या तिसऱ्या सकाळी मी तिथे फार वेळ बसून होतो. बावीस ठिकाणी "आहे" लिहून झालं होतं. तेविसावी नोंद "आहे" लिहिली असती तर जगात कुणाला कळलं नसतं, आणि तुझ्या बाबतीत माझ्या हातून एकदा तरी पुरं बरं लिहिलं गेलं असतं. तुझ्या नावापुढे दुसऱ्यांदा "नाही" लिहायचं, तेही मी, हे हाताला झेपेना. देवाला विचारावं म्हणून हात जोडले. तिकडून काही आलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की उत्तर मला तू आधीच दिलं होतंस, जीपच्या खिडकीतून.

मी लिहिलं, "घरटे क्र. ९. तीन सकाळी बसून पाहिले. आढळले नाही." आणि सही केली.

वही काल बाईंना दिली. त्या एकेक पान वाचत गेल्या. नवव्यापाशी थांबल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं, झालं, आता सगळी वही बाजूला ठेवतील. त्या म्हणाल्या, "तेवीसच्या तेवीस 'आहे' असती तर मी यंत्र बोलावलं असतं." मग माझ्यासमोरच यंत्रवाल्यांना पत्र लिहिलं आणि जुना अहवाल चुकीच्या नोंदींवर आधारलेला आहे असं वरच्या लोकांनाही कळवलं, माझ्या नावासकट. ते मला वाचून दाखवलं. माझं काय करायचं ते वरचे ठरवतील. बहुतेक या पावसाळ्यानंतर मी इथे नसेन. तुझी वहिनी भांडी मोजायला लागली आहे, कुठली न्यायची आणि कुठली ठेवायची ते. फारशी उदास दिसत नाही. काल तर गुणगुणत होती.

मुकादम अकरा फुल्या पुसायला माणसं घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "काका, तुम्ही आधी सांगितलं असतं तर चुना तरी वाचला असता."

आता नवव्याचं. खळगा अजून तिथे असेलही आणि मला दिसला नसेल. दोरी चुकली असेल, डोळे चुकले असतील, किंवा तूच दहा पावलं कमी लिहिली असशील. वही उघडीच आहे, पान अजून शिवलेलं नाही. पखुर्ड्या आणखी महिनाभर बसतील. सुट्टी मिळाली तर ये. सामानाच्या खोलीतली खाट काढून घरात ठेवली आहे.

ये, आणि मला खोटं पाड.

तुझा
दादा